वजन कुणी केलंच नव्हतं

आमच्या वाईच्या घरात जन्मलेल्या मुलाचं वजन कधी कुणी केलं नाही. मूल एक तर 'मुठीएवढं' असायचं, नाहीतर 'बरं अंगानं' असायचं, आणि एखादंच 'थोराड'. माडीखालच्या बाळंतिणीच्या खोलीचं दार किलकिलं करून सुईण आजीला सांगायची, "वैनी, पोरगी हाय. बारीक हाय, पर आवाज झ्याक हाय." एवढं ऐकलं की ओटीवरचे पुरुष पानाचा डबा पुढे ओढायचे. आवाज खणखणीत म्हणजे मूल चांगलं, असा हिशेब होता आणि तो अगदीच अडाणी नव्हता. १९५३ साली व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी नवजात बाळाला गुण द्यायची जी पद्धत छापली, तिच्यातही श्वास, नाडी, रंग, अंगातला ताठा आणि चिमटा काढल्यावर मूल काय करतं एवढंच बघतात. वजनाला तिथे गुण नाहीत.

१९५१ ते १९६७ या काळात त्या एका खोलीत आम्ही सगळी चुलत आणि आतेभावंडं जन्मलो. आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायच्या, दुसऱ्यालाही यायच्या आणि पुढे पुढे सासरी सांगून यायचंही सोडून द्यायच्या. आत बाई कळा देत असताना बाहेर एक काका भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असे. पहिलं रडणं ऐकू आलं की पंचांगाच्या समासात वेळ टिपायची, हे त्याचं काम. पुढे जोशीबुवा घटी-पळं मांडून पत्रिका करत. त्या पत्रिका अजून ट्रंकेत आहेत. कुणाला मंगळ आहे, कुणाची साडेसाती कधी सुरू झाली, हे आम्ही झोपेतसुद्धा सांगू. जन्मताना आपण किती भरलो होतो, हे मात्र आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. याचं नवल वाटायचंही कारण नाही. १९९२-९३ मध्ये पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तेव्हाही देशातली साधारण पाव हिश्शाचीच बाळंतपणं दवाखान्यात होत होती. घरात जन्मलेल्याला तराजू कुठला?

पण वजनाचा विषय घरात नव्हता असं नाही. मधल्या काकूंचा मुलगा आषाढात सातव्या महिन्यात झाला. त्याचं पाळण्यातलं नाव काहीही असो, घराने त्याला 'सातमाशा' म्हटलं ते म्हटलंच. शाळेत मास्तरांनी हजेरीत खरं नाव पुकारलं, तर हा शेजारच्या पोराकडे बघत बसला. तो झाला तेव्हा कृष्णेला पूर होता, लाकडं ओली होती, आणि आजीने घरातल्या दोन उशा फाडून कापूस पिंजून घेतला. त्या कापसात त्याला गुंडाळून ठेवलं. बाजेखाली शेगडी. दूध ओढायची ताकद नव्हती, म्हणून काकूंचं दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब सोडायचं. रात्री शेगडी विझली की काकू त्याला उघड्या उराशी धरून वरून पातळाचे दोन पदर घेत आणि भिंतीला टेकून तशाच बसून राहत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमारास उबपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून हाच उपाय दवाखान्यात सुरू केला आणि तो पुढे जगभर गेला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत औषध. १९९९ साली त्यांनी आकडे छापले तेव्हा त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. आमच्या काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना गार पडलेलं पोर गरम ठेवायचं होतं.

सातमाशा वर्षाचा झाला तर ढोल्या गणपतीपुढे त्याची गुळाची तुला करीन, असा नवस आजी बोलली होती. आमच्या पिढीतलं तेवढं एकच वजन चारचौघांच्या साक्षीने झालं. वाण्याकडून मोठा तागडीचा काटा आणला, एका पारड्यात धाबळी अंथरून पोर बसवलं, दुसऱ्यात गूळ. आजीने हौसेने गूळ भरपूर आणला होता. पहिली ढेप ठेवताच सातमाशा पारड्यासकट वर गेला आणि खदखदून हसला. शेवटी ढेप फोडून खडे खडे ठेवत काटा जमवला. उरलेला गूळ नवसाचा, घरी परत न्यायचा नाही, म्हणून घाटावर दिसेल त्याला वाटला. समोर गणपती एवढा थोरला, आणि पारड्यात हा. आजी हात जोडून हसत होती आणि रडतही होती, असं मोठी भावंडं सांगतात.

आता अंघोळीचं सांगते, कारण आमच्या घरात मूल 'घडवलं' जाई ते न्हाणीघरात, अशी सगळ्यांची श्रद्धा. न्हाऊ घालणारी बाई पहाटे यायची. पाटावर पाय लांब सोडून बसायची, लुगडं मांडीपर्यंत वर, आणि मूल नडग्यांवर पालथं. खोबरेल तेल कोमट केलेलं. आधी टाळू भरायची, मग पाठ, मग दंड. उजवा हात आणि डावा पाय धरून पोटावर फुली करायची, मग उलट. त्या वेळी मूल असं काही बेंबटायचं की पलीकडच्या आळीत कळायचं. मग डाळीचं पीठ आणि साय, मग कढत पाणी, मग वेखंडाची पूड, ओव्याची आणि बाळंतशेपाची धुरी. नंतर सहाणेवर उगाळलेली गुटी चाटवून कुंची घालायची, आणि मूल दोन-तीन तास मेल्यासारखं झोपायचं. मांड्यांना वळ्या पडल्या की बाई स्वतःच्या हाताची तारीफ करून घ्यायची. "तिसऱ्या महिन्यात हातात मावंना," हे तिचं प्रशस्तिपत्र.

मालिशीने हाडं मजबूत होतात, असं मी शाळेत पालकांना कधी सांगितलं नाही. मी आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यामुळे अशा गोष्टींत जरा हात आखडून बोलायची सवय लागली. पण रोज अर्धा तास कुणीतरी मुलाच्या प्रत्येक सांध्याला हात लावत होतं, ते कुठे दुखतं का, कुठे ढिलं पडलंय का, हे बघत होतं. ही गोष्ट लहान नाही. अमेरिकेतली विल्मा रुडॉल्फ १९४० साली दिवस भरण्याआधीच जन्मली, वजन अवघं दोन किलोच्या आसपास. पुढे पोलिओ झाला, पायाला आधारपट्टी लागली. तिची आई आणि भावंडं पाळीपाळीने तिचा पाय चोळत असत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने धावण्याची तीन सुवर्णपदकं घेतली. मी तिची गोष्ट दर वर्षी आठवीच्या मुलींना सांगत असे. आमच्या सातमाशाला पदक नाही मिळालं, पण तो चालायला लागला आणि थांबला नाही.

मग आमची मुलं जन्मताना बारीक का असत? याचं उत्तर स्वयंपाकघरात होतं. घरात पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. दुसरी पाहुणे, गडीमाणसं. सुना शेवटी. तोवर भाजी संपलेली असे, ताकात पाणी वाढलेलं असे, आणि भाकरी व चटणीवर भागे. पोटुशी सून असली तरी पंगतीचा क्रम तोच. डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांची वाडी, पंचपक्वान्नं, सगळी हौस. पण ते एका दिवसाचं. बाकी दिवसांत उलट दटावणी असे. आजी काकूंना म्हणायच्या, "फार खाऊ नकोस गं, पोर मोठं झालं तर अडशील." यात दुष्टपणा नव्हता. अडलेली बाळंतीण गाडीत घालून साताऱ्याला नेईपर्यंत काय होतं, हे आजींनी स्वतःच्या जावेच्या बाबतीत पाहिलं होतं. लहान मूल म्हणजे सोपी सुटका, हे त्यांचं गणित. कळा सुरू होईपर्यंत आडाचं पाणी शेंदायचं, जात्यावर बसायचं, हेही त्याच गणितातलं: काम केलं की बाई मोकळी होते.

त्या गणिताची उलटतपासणी पुढे आमच्याच मुलखाशेजारी झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला. बायकांना गरोदर राहण्याआधीपासून गाठायचं, त्या काय खातात, किती राबतात हे लिहायचं, आणि मूल जन्मलं की त्याची मापं घ्यायची. त्या बायांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. मुलं सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनची मुलं साडेतीन किलोंची. ज्या बायांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची मुलं वजनाने जास्त भरली. आणि ज्यांना जड कामं जास्त, त्यांची कमी. म्हणजे शेवटच्या पंगतीला जे संपलेलं असायचं नेमकं तेच, आणि आडावरचा दोर हातातून जो सुटत नव्हता तोही. मी हे वाचलं तेव्हा आई गेलेली होती. असती तरी तिने फार मनावर घेतलं नसतं. "आमच्या वेळी सगळ्यांचं असंच होतं," म्हणाली असती.

आमच्या पिढीला हे काहीच माहीत नव्हतं आणि आमचं काही अडलंही नाही. कृष्णेत पोहायला शिकायचं ते कमरेला सुके भोपळे बांधून. मोठा भाऊ घाटाच्या पायरीवरून ढकलून द्यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक भोपळा सोडायचा, मग दुसरा. उन्हाळ्यात पांडवगड. दिवाळीनंतर पसरणीच्या घाटाने पाचगणीला चालत जायचं आणि तिथे काहीही न करता परत यायचं, कारण खिशात पैसे नसत. सातमाशा या घाटात कायम पुढे. बारीक काटकुळा, गुडघे कोपराएवढे, पण दम लागायचा नाही. थोरल्या आत्याचा मुलगा मात्र 'थोराड' म्हणून जन्मलेला. त्याला आम्ही ढब्बू म्हणायचो. तो घाटात मागे राहायचा, पण पंजा लढवायला बसला की आमच्यातलं कुणी टिकत नसे. विहिरीचं चाक अडकलं की ढब्बूला हाक. तालमीतही वस्तादांनी त्याचीच पाठ थोपटली. सातमाशाने जोर-बैठका किती काढल्या असतील, पण मनगटात ढब्बूचा जोर त्याला कधी आला नाही.

या दोघांवरून सिद्ध काही होत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. पण शास्त्रज्ञांनी हजारो माणसांच्या पंजाचा जोर यंत्राने मोजला तेव्हा जे निघालं ते ढब्बूच्या बाजूचं आहे. त्याची सुरुवात गमतीदार आहे. इंग्लंडातल्या हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई दायांवर देखरेख करत. त्यांच्या करड्या शिस्तीमुळे १९११ पासून तिथे प्रत्येक मुलाचं जन्मवजन आणि वर्षाचं वजन वहीत लिहिलं गेलं. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या सापडल्या. जन्माला हलकी असलेली आणि पहिल्या वर्षात न वाढलेली मुलं पुढे हृदयविकाराने जास्त मरतात, हे त्यांनी १९८९ साली त्यावरून दाखवलं. त्याच परगण्यातले पुरुष आणि बायका साठीच्या पुढे गेल्यावर पुन्हा बोलावून त्यांच्या मुठीचा जोर मोजला, तर जन्मताना जास्त भरलेल्यांचा जोर साठीतही जास्त! पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला: जन्मवजनातल्या एका किलोमागे मुठीचा जोर सरासरी ०.८६ किलोने जास्त. आपल्याकडे म्हैसूरच्या मुलांवरही हे पाहिलं गेलं. ९ वर्षांच्या पोरांत तोच कल दिसला, मात्र त्यातला बराचसा भाग मुलाची आजची उंची आणि दंड किती भरला आहे यातून समजतो.

दमाचंही तसंच. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी प्रत्येक तरुणाला सायकलीवर बसवून त्याला किती जोर लावता येतो ते मोजत. पूर्ण दिवसांच्या अशा जवळजवळ २ लाख ८७ हजार मुलांचं जन्मवजन त्या आकड्याशी ताडून पाहिलं, तर दर ४५० ग्रॅममागे सुमारे ८ वॅटचा फरक निघाला.

याचं कारण बरंचसं पोटातच घडतं. स्नायू हा दोरासारखा असतो. त्याचे पदर किती, हे बहुतांशी जन्माआधी ठरतं. जन्मानंतर खाऊन, खेळून, जोर काढून एकेक पदर जाड होतो, पण पदरांची संख्या फारशी वाढत नाही. आईच्या पोटात ज्याला कमी मिळालं त्याचे पदर कमी. म्हणून ढब्बूचा पंजा.

इथे माझ्यातली पी.टी.ची बाई मध्ये बोलते. ८ वॅट म्हणजे किती? धडधाकट तरुण त्या सायकलीवर दोन-अडीचशे वॅटच्या वर सहज जातो. आळशी मुलाला एक मोसमभर रोज पळायला लावलं तर त्याचा दम याहून कितीतरी जास्त वाढतो. माझ्या वर्गात ५० मीटर, ६०० मीटर, उभी उडी, दांड्याला लोंबकळणं अशा चाचण्या व्हायच्या. कुठलं मूल जन्माला किती होतं हे मला त्यावरून कधीच ओळखता आलं नसतं. कोण रोज शेतातून सायकल मारत येतं आणि कोण रिक्षातून उतरतं, हे मात्र पहिल्या फेरीत कळायचं. हजारोंच्या सरासरीत जे दिसतं ते एका मुलाच्या कपाळावर लिहिता येत नाही. दुसरं असं की, सातमाशी मूल आणि पूर्ण दिवसांचं पण बारीक मूल, यांना एका माळेत ओवू नये. आमच्या सातमाशाला पोटात खायला कमी पडलं नव्हतं, त्याला दिवस कमी मिळाले होते. अगदी किलोच्या आत-बाहेर जन्मलेल्या मुलांना पुढे ताकदीला आणि तोल सांभाळायला खरंच अडचण येते. दोन किलोच्या सातमाशी मुलाची गोष्ट तेवढी बिकट नसते.

तरुणपणी आम्ही सगळे सडपातळ होतो आणि त्याचा आम्हाला गर्व होता. लग्नात सूट अंगावर ढगळ व्हायचे. चाळिशी उलटली आणि एकेकाचं पोट पुढे आलं. हातपाय काडीसारखे, मधेच गोल घडा. पन्नाशीपर्यंत घरातल्या निम्म्या भावंडांना साखर निघाली. वडिलांच्या पिढीत कुणाला नव्हती, म्हणून सगळ्यांनी गोड खाण्याला दोष दिला, मुंबईच्या नोकऱ्यांना दिला, काळजीला दिला. यात तथ्य आहेच. पण याज्ञिकांच्या सहा गावांतल्या बाळांनी आणखी एक गोष्ट दाखवली. साउथहॅम्प्टनच्या मुलांशी तुलना करता आपली बाळं वजनाला कमी, दंडाला बारीक, पोटातले अवयव लहान. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारं आणि तरीही चरबीने भरलेलं मूल. पोटात जेव्हा टंचाई असते तेव्हा शरीर स्नायूंत काटकसर करतं आणि चरबी जपतं.

याज्ञिकांनी हे स्वतःवरही दाखवलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी एकसारखं, निर्देशांक २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. इंग्रज डॉक्टर मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी स्वतःच्या व्यायामाची तिथे थट्टाच केली आहे. माझ्या भावंडांच्या जुन्या फोटोंच्या शेजारी मी तो फोटो ठेवला तर घरातलं कुणीही तिथे खपून जाईल. मोठ्या दादाला मी हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे साखर आईच्या पंगतीतून आली म्हणायची." मी म्हटलं, काही आणे तिथून, बाकीचे तुझ्या खुर्चीतून. नोकरी लागल्यापासून तो नदीवर गेला नव्हता. सातमाशा टपाल खात्यात होता, सायकलीवर फिरत राहिला. त्याला साखर निघाली ती साठीनंतर, आणि गोळीवर आटोक्यात आहे.

आमची भावंडं जमली की एक वाक्य ठरलेलं: "आम्हाला काय वजन करून काढलं होतं? तरी बघ कशी ठणठणीत!" हे वाक्य मला खटकतं. पांडवगड चढलेलेच आज पांडवगडाच्या गोष्टी सांगत बसलेले असतात. आजींना अकरा झाली, त्यांतली सहा राहिली. थोरल्या काकूंच्या पहिल्या दोन मुलींची नावंही ठेवली गेली नव्हती, बाराव्याच्या आत गेल्या. त्यांना नदीच्या अंगाला पुरलं. काकू त्यांचा उल्लेख "ह्याच्या आधीच्या" एवढाच करत. 'पूर्वीची माणसं काटक' म्हणताना आपण मोजतो ती उरलेली माणसं. जी फार बारीक होती, ज्यांना ऊब मिळाली नाही, ज्यांना नाळेतून धनुर्वात झाला, त्यांनी काटक व्हायची वाटच पाहिली नाही. आमच्या लहानपणाचा आनंद खोटा नव्हता. नदी खरी, घाट खरा, आजीचं प्रेमही खरं. फक्त त्याच्यातून मुलं मुठीएवढी जन्मणं चांगलं असतं, असा अर्थ काढू नये.

आता परवा दादाच्या नातीला मुलगी झाली. व्हॉट्सॲपवर पहिली ओळ वजनाची: २ किलो ३०० ग्रॅम. मग वेळ, मग 'आई आणि बाळ सुखरूप'. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, ही रेघ गेली शंभर वर्षं तशीच आहे. फिनलंडच्या आर्वो युल्प्यो या बालरोगतज्ज्ञांनी ती आखली. आपल्या देशात ज्या बाळांचं वजन नोंदलं जातं, त्यांतली साधारण १८ टक्के आजही त्या रेघेच्या खाली आहेत. म्हणजे पंगत मोडली, आड बुजले, तरी मुठीएवढी मुलं राहिलीच. नातीने दहावीपासून कंबर कमी करायच्या नादात भाजीपोळी सोडली होती, आणि हिमोग्लोबिन कधी नीट झालंच नाही. उपासाचं कारण बदललं इतकंच.

घरात दोन पक्ष पडले. आजोबा पक्ष म्हणतो, काही होत नाही, आमचा सातमाशा बघा. आईबाप पक्षाने डबे आणले, तूप आणलं, दर आठवड्याला काटा. मला दोघांनाही थोपवावंसं वाटतं. पहिली दोन वर्षं तिने चांगलं वाढावं, सहा महिने निव्वळ आईचं दूध, मग घरचं सगळं. पण पुढे गुटगुटीत करायच्या मागे लागू नये. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचं वजन डॉ. संतोष भार्गव यांच्या गटाने सतत टिपलं होतं. २६ ते ३२ वयात ज्यांना साखरेचा त्रास निघाला, ती बाळपणी बारीक होती आणि दोन-तीन वर्षांनंतर बारा वर्षांपर्यंत भराभर अंगाने भरत गेली होती. तेव्हा ती लठ्ठ म्हणावीत अशीही नव्हती. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून 'सरस' नावाच्या प्रकल्पात बायांना गरोदर राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांची मुलं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. एवढंच. एका बाळंतपणापुरतं खाऊ घालून पिढ्यांची तूट भरत नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची असतानाच तिच्या ताटाकडे बघावं लागतं.

तेव्हा वाचकांना माझं एक सांगणं आहे. दवाखान्यातून मिळणारं माता आणि बाल संरक्षण कार्ड लस संपली की रद्दीत टाकू नका. दहावीच्या गुणपत्रिकेच्या फायलीत ते ठेवा. मूल अडीच किलोच्या आत जन्मलेलं असेल तर ते शाळेच्या पी.टी. शिक्षकांना सांगा, सूट मिळावी म्हणून नाही, जास्त खेळवावं म्हणून. त्याला पोहायला घाला, दोरीवर चढवा, दप्तर त्याचं त्यालाच उचलू द्या. आणि ते तिशीला आलं की दर वर्षी साखर आणि रक्तदाब तपासायला पाठवा, ते कितीही सडपातळ दिसत असलं तरी.